फिक्स्ड टॅरिफ संपताना: ब्रिटनमधल्या घरासाठी वीज-गॅसची कंपनी नेमकी कधी बदलावी

फिक्स्ड टॅरिफ म्हणजे ठरावीक मुदतीसाठी बांधून घेतलेला वीज-गॅसचा दर. 'तुमचं फिक्स्ड टॅरिफ अमुक तारखेला संपतंय' अशी ईमेल आली की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर ती तशीच पडून राहते आणि मुदत संपल्यावर कंपनी आपल्याला तिच्या बदलत्या दराच्या टॅरिफवर टाकते. नाहीतर माणूस त्याच ईमेलमधलं 'रिन्यू' बटण दाबून मोकळा होतो. दोन्हींत पैसे जायची शक्यता असते. ते टाळायला लागतो जेमतेम एक तास, पण तो योग्य दिवशी काढावा लागतो. तो दिवस कसा शोधायचा, हेच पुढे सविस्तर सांगतो.

हे नियम इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सचे, म्हणजे ऑफजेम या नियामकाच्या हद्दीतले आहेत. नॉर्दर्न आयर्लंडचा नियामक वेगळा आणि तिथे प्राइस कॅप, म्हणजे दरावरची कमाल मर्यादा (पुढे सांगतो), लागू नाही. बेलफास्टकरांनी यातला फक्त हिशेबाचा भाग घ्यावा.

महाराष्ट्रातून नुकत्याच आलेल्यांना एक शंका हमखास असते: कंपनी बदलली तर वीज जाईल का, मीटर काढून नेतील का? महावितरणच्या भागात वाढलेल्या माणसाला तारा, मीटर, बिल सगळं एकाच कंपनीचं असायची सवय असते. मुंबईच्या उपनगरांत टाटा आणि अदानी यांच्यात निवड करता येते, पण तिथेही दर वीज नियामक आयोगच ठरवतो. इथे तारांची आणि गॅसच्या नळांची मालकी वेगळ्या कंपन्यांकडे आहे. तुम्ही बदलता ती फक्त बिल देणारी कंपनी. घरी कोणी येत नाही, पुरवठा क्षणभरही थांबत नाही. वीज गेली तर तक्रारीचा नंबर १०५, मग तुमचं बिल कुठूनही येत असो.

पहिलं काम: दोन तारखा कॅलेंडरवर लिहा

पहिली तारीख टॅरिफ संपण्याची. ती बिलावर, अॅपमध्ये किंवा कराराच्या ईमेलमध्ये असते. तिथून मागे ४९ दिवस मोजा, ती दुसरी तारीख. नियम असा आहे की शेवटच्या ४९ दिवसांत तुम्ही कंपनी सोडली तर जुनी कंपनी एक्झिट फी, म्हणजे मुदतीआधी करार सोडण्याचा दंड, घेऊ शकत नाही. मुदत संपत असल्याची सूचनाही कंपनीने शेवटच्या ४९ ते ४२ दिवसांच्या दरम्यान पाठवायची असते. म्हणून ती ईमेल आली की फुकट बाहेर पडायची खिडकी उघडली असं समजा. पण ईमेलवर विसंबू नका. स्पॅममध्ये जाते, किंवा घर घेताना दिलेल्या जुन्या पत्त्यावर जाते. तारीख स्वतः मोजलेली बरी.

उदाहरणार्थ, टॅरिफ ३१ ऑक्टोबरला संपत असेल तर ही खिडकी १२ सप्टेंबरला उघडते. १० मार्चला संपत असेल तर २० जानेवारीला. ही दोन उदाहरणं मुद्दाम घेतली आहेत, कारण दोन्हींचं उत्तर वेगळं येतं.

कॅप म्हणजे काय, आणि काय नाही

तुम्ही काहीच केलं नाही तर ज्या बदलत्या दराच्या टॅरिफवर जाता, त्याच्या दरावर ऑफजेमची मर्यादा असते. तीच प्राइस कॅप. ती जानेवारी २०१९ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२२ पासून दर तीन महिन्यांनी बदलते: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. नवा आकडा साधारण महिनाभर आधी, म्हणजे नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टच्या उत्तरार्धात जाहीर होतो.

बातम्यांत जो मोठा आकडा येतो तो तुमच्या बिलाची कमाल मर्यादा नाही. डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँक खात्यातून आपोआप, पैसे भरणाऱ्या सरासरी घराचं ते अंदाजी वार्षिक बिल असतं; २०२५ च्या आकड्यांत अशा घराचा वापर वर्षाला २,७०० युनिट वीज आणि ११,५०० युनिट गॅस धरला होता. मर्यादा असते ती युनिटच्या दरावर आणि स्टँडिंग चार्जवर, म्हणजे वापर असो-नसो रोज लागणाऱ्या ठरावीक आकारावर. जास्त वापराल तर जास्तच भराल. शिवाय हे दर प्रदेशानुसार बदलतात. लंडनमधल्या मित्राचा दर लिव्हरपूलमधल्या तुमच्या घराला लागू नाही.

आकडा किती हलतो तेही पाहा. २०२५ मध्ये तो जानेवारीत १,७३८ पौंड होता, एप्रिलमध्ये १,८४९, जुलैत १,७२० आणि ऑक्टोबरमध्ये १,७५५. जानेवारी २०२६ ला १,७५८. या काळात चढ-उतार होते, पण २०२२ सारखी उलथापालथ नव्हती. त्या वर्षीच्या बाजारात फिक्स्ड टॅरिफ घेणं शहाणपणाचं राहिलं नव्हतं, म्हणून त्या काळातला सल्ला आज कुणी दिला तर तो बाजूला ठेवा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण वेळ ठरवायची किल्ली तिच्यात आहे. कॅप ठरते ती त्याआधीच्या काही महिन्यांतल्या घाऊक बाजारभावाच्या सरासरीवर, त्यामुळे ती बाजाराच्या मागून चालते. फिक्स्ड टॅरिफच्या ऑफर मात्र आजचा भाव आणि पुढच्या वर्षाचा अंदाज बघून ठरतात, आणि आठवड्याआठवड्याला बदलतात. घाऊक भाव चढू लागले की चांगल्या ऑफर आधी गायब होतात आणि कॅप नंतर वाढते. म्हणजे कॅप वाढल्याची बातमी वाचून धावणाऱ्याला बहुधा उशीर झालेला असतो. फिक्स्ड टॅरिफवर स्वतः कॅपचं बंधन नसतं, हेही ध्यानात ठेवा. ते कॅपपेक्षा महाग असू शकतं, आणि काही असतातही.

स्वतःची युनिटं शोधा

तुलना करताना 'सध्या महिन्याला १४० पौंड जातात, नव्या कंपनीत १२५ सांगतात' असा हिशेब फार जण करतात. तो चुकीचा आहे. डायरेक्ट डेबिट हा हप्ता असतो, दर नव्हे. नवी कंपनी वापराचा अंदाज कमी धरूनही हप्ता छोटा दाखवू शकते. सहा महिन्यांनी खातं उणे झालं की मग हप्ता वाढतो.

लागतात ती वर्षभराची युनिटं: वीज वेगळी, गॅस वेगळा. वार्षिक वापराचा आकडा बिलावर किंवा अॅपमध्ये मिळतो. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, आपल्याकडच्या बिलासारखंच. गॅसचं मीटर घनमीटर मोजतं आणि बिलात त्याची युनिटं होतात. एका घनमीटरचे साधारण ११ युनिट.

आता आपल्या घरांच्या काही खास गोष्टी. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येणार असतील आणि त्यात हिवाळा असेल, तर गेल्या वर्षीचा आकडा उपयोगाचा नाही. दिवसभर घरात माणसं, हीटिंग सकाळपासून चालू, दोन वेळचा स्वयंपाक, गरम पाणी जास्त. गॅसची युनिटं सढळ हाताने वाढवून धरा. उलट डिसेंबर-जानेवारीत महिनाभर भारतात जाणार असाल तर ऐन थंडीतला वापर घटतो. नवं बाळ, घरून काम, इलेक्ट्रिक गाडी, यातलं काहीही बदललं असेल तर तेही धरा. अंदाजच करायचा आहे, पण तो तुमच्या घराचा असू द्या.

तुलना: एक हिशेब हाताने करून बघा

तुलनेच्या साइट चांगल्या आहेत. सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेचं साधन आहे, शिवाय ऑफजेमची मान्यता असलेल्या खासगी साइट आहेत. खासगी साइटवर आधी 'सगळी टॅरिफ दाखवा' हा पर्याय निवडा. ज्या कंपनीकडून कमिशन मिळत नाही ती कधी कधी पहिल्या यादीत नसते. तरीही एकदा कागदावर हिशेब कराच, कारण स्टँडिंग चार्जचा खेळ त्याशिवाय दिसत नाही.

समजा दोन ऑफर आहेत. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. पहिलीत वीज २४ पेन्स युनिट, स्टँडिंग चार्ज रोज ६२ पेन्स, गॅस ५.६ पेन्स, स्टँडिंग चार्ज ४० पेन्स. दुसरीत वीज २५.१ आणि ५० पेन्स, गॅस ५.९ आणि ३१ पेन्स. नुसत्या युनिटच्या दराकडे पाहिलं तर पहिली स्वस्त वाटते.

आता एका छोट्या फ्लॅटमधलं जोडपं घ्या: वर्षाला १,३०० युनिट वीज, ३,००० युनिट गॅस. पहिल्या ऑफरमध्ये विजेचे ३१२ पौंड, गॅसचे १६८, आणि स्टँडिंग चार्जचे ३७२. एकूण सुमारे ८५२. दुसरीत ३२६, १७७ आणि २९६, म्हणजे ७९९. 'महाग' दराची ऑफर ५३ पौंडांनी स्वस्त निघाली! त्याच दोन ऑफर चार बेडरूमच्या, सहा माणसांच्या घराला लावा. ४,५०० युनिट वीज आणि १६,००० युनिट गॅस धरला तर पहिलीत २,३४८ आणि दुसरीत २,३६९. इथे पहिली बरी. म्हणून व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी 'ही डील घ्या' म्हणालं की आधी त्यांचं घर केवढं आहे ते विचारा.

त्याच वहीत तिसरी ओळ कॅपची लिहा. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ च्या कॅपमध्ये देशभराची सरासरी अशी होती: वीज २६.३५ पेन्स आणि रोज ५३.६८ पेन्स; गॅस ६.२९ पेन्स आणि रोज ३४.०३ पेन्स. तुम्ही त्या त्या तिमाहीचे आणि तुमच्या प्रदेशाचे आकडे घ्यायचे. चौथी ओळ तुमच्या सध्याच्या, संपत आलेल्या टॅरिफची. या चार ओळी समोर असल्या की निर्णय जवळजवळ होतोच.

आता 'कधी'

सगळ्यात सोपी स्थिती: जुनं फिक्स्ड महाग, नव्या ऑफर स्वस्त. मग ४९ व्या दिवसाच्या पलीकडे एक दिवसही थांबायचं कारण नाही. खिडकी उघडली की बदला. खरं तर त्याही आधी बघायला हवं. एक्झिट फी बहुधा दर इंधनाला २५ ते ७५ पौंड असते. काही करारांत त्याहून जास्त, काहींत अजिबात नाही. मुदत संपायला पाच महिने आहेत आणि नव्या दराने त्या पाच महिन्यांत फीपेक्षा जास्त वाचणार असेल, तर फी भरून बाहेर पडणंच फायद्याचं. फक्त ती बचत उरलेल्या महिन्यांची मोजा, वर्षभराची नव्हे. त्याच कंपनीच्या नव्या फिक्स्डवर गेल्यास ती एक्झिट फी सोडते का, हे आधी विचारून घ्या. फोन करण्यासारखा हा एकच मुद्दा आहे.

उलट स्थिती: जुना दर स्वस्त, नव्या ऑफर महाग. इथे घाई केली तर स्वतःचेच स्वस्त दिवस वाया जातात. जुलै २०२२ पासून बदल साधारण पाच कामाच्या दिवसांत होतो. म्हणून ४९ व्या दिवशी सही केली तर सहा आठवड्यांचा स्वस्त दर हातचा जाऊ शकतो. आधी ऑफर पक्की करून पुरवठा पुढच्या तारखेपासून सुरू करून देणाऱ्या कंपन्या आहेत. तशी तारीख मिळत असेल तर ऑफरही हातात राहते आणि जुना दरही. मिळत नसेल तर मुदत संपायच्या आठ-दहा दिवस आधी अर्ज करा.

दोन-चार दिवस इकडे तिकडे झाले तर काळजी नको. मुदत संपल्यावर ज्या कॅपच्या टॅरिफवर जाल त्याला एक्झिट फी नसते. उन्हाळ्यात तर तिथे महिनाभर राहिलात तरी फारसं बिघडत नाही, कारण हीटिंग बंद असतं. नोव्हेंबरात मात्र तसा महिना काढू नका.

वर्षातली वेळ एवढी महत्त्वाची यासाठीच. घरातला बहुतेक गॅस ऑक्टोबर ते मार्चमध्ये जळतो. ३१ ऑक्टोबरला टॅरिफ संपणाऱ्या घराला १२ सप्टेंबरला ऑक्टोबरची कॅप माहीत झालेली असते, पण जानेवारीची कॅप नोव्हेंबरच्या उत्तरार्धात कळते. तोवर त्यांचं टॅरिफ संपून थंडी सुरू झालेली असते. अशा घरांनी थांबू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॅपपेक्षा थोडी का होईना स्वस्त अशी ऑफर मिळाली की सप्टेंबरातच बांधून घ्यावी. दिवाळीच्या गडबडीत हे काम राहून जातं आणि मग जानेवारीचं बिल समोर येतं.

१० मार्चवाल्यांचं वेगळं. त्यांची खिडकी २० जानेवारीला उघडते आणि एप्रिलची कॅप फेब्रुवारीच्या उत्तरार्धात जाहीर होते, मुदतीच्या आत. थंडी सरत आलेली असते. कॅप उतरण्याचा अंदाज असेल तर त्यांना थांबून बघणं परवडतं. कॉर्नवॉल इनसाइट ही संस्था पुढच्या कॅपचे अंदाज वेळोवेळी देते आणि तारीख जवळ येईल तसे ते अंदाज पक्के होत जातात. सहा महिन्यांपुढच्या अंदाजावर मात्र भिस्त ठेवू नका.

अर्ज केल्यावरही १४ दिवस मन बदलता येतं. ऑफर बांधून घ्या आणि या काळात एकदा पुन्हा बाजार बघा. याहून चांगली दिसली तर पहिली रद्द करा, त्याला दंड नाही.

मुदत एक वर्षाची की दोन? दोन वर्षांचं टॅरिफ घेताना एक्झिट फी बघा. फी नसेल किंवा नाममात्र असेल तर दोन वर्षांनी काही बिघडत नाही. दर इंधनाला शंभर पौंड असेल आणि तुमचा व्हिसा किंवा नोकरी पुढच्या वर्षी बदलू शकत असेल, तर घेऊ नका. घर बदलताना काही कंपन्या टॅरिफ नव्या पत्त्यावर नेऊ देतात, काही फी लावतात. करार करण्याआधी हे लेखी विचारा.

दर अर्ध्या तासाला बदलणारी टॅरिफही असतात. ऑक्टोपस या कंपनीचं अजाइल हे त्यातलं प्रसिद्ध. त्यात दुपारी ४ ते संध्याकाळी ७ हा काळ सगळ्यात महाग. इंडक्शनवर संध्याकाळी कुकर, पोळ्या, भाजी असं सगळं करणाऱ्या घराला तो वेळ टाळणं अवघड जातं. रात्री गाडी चार्ज करणाऱ्यांना असं टॅरिफ चांगलं जमू शकतं.

प्रत्यक्ष बदलताना

अर्ज ऑनलाइन दहा मिनिटांचा. पत्ता, बँकेचा तपशील, वर्षाची युनिटं लागतात. फ्लॅटमध्ये राहत असाल तर इथे थोडं थांबा. एकाच घराचे दोन-तीन फ्लॅट केलेले असतात तिथे 'फ्लॅट २' आणि 'फर्स्ट फ्लोअर फ्लॅट' असे पत्ते एकमेकांत मिसळतात आणि शेजाऱ्याचा मीटर तुमच्या नावावर जाऊ शकतो. बिलावरचे मीटर पॉइंटचे क्रमांक, विजेचा १३ अंकी आणि गॅसचा वेगळा, नव्या अर्जातल्या क्रमांकांशी ताडून बघा. बिलातला मीटरचा अनुक्रमांक प्रत्यक्ष मीटरवर आहे का तेही एकदा पाहा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही हा अधिकार आहे. बिल तुमच्या नावावर असेल आणि तुम्हीच भरत असाल तर कंपनी निवडायचा हक्क तुमचा. घरमालकाला कळवणं सौजन्याचं आणि कराराच्या दृष्टीनेही बरं. बिल घरमालक भरत असेल तर मात्र निर्णय त्याचा.

जुन्या कंपनीची थकबाकी २८ दिवसांहून जुनी असेल तर आधी ती फेडावी लागते. त्याहून अलीकडची असेल तर शेवटच्या बिलात धरली जाते.

बदलाच्या दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढा. आकडे स्पष्ट दिसतील असे, आणि मीटरचा अनुक्रमांकही त्यात येऊ द्या. स्मार्ट मीटर असला तरी काढा, कारण बदलाच्या काळात काही मीटर रीडिंग पाठवायचं थांबतात. तो एकच आकडा जुनी कंपनी शेवटचा धरते आणि नवी पहिला. तो अंदाजाने टाकला गेला तर तेच युनिट दोनदा लागू शकतात. जुन्या कंपनीचं डायरेक्ट डेबिट स्वतः बँकेतून लगेच बंद करू नका. शेवटचं बिल चुकतं होईपर्यंत ते राहू द्या.

शेवटचं बिल सहा आठवड्यांत यायला हवं, आणि खात्यात शिल्लक असेल तर बिलानंतर दहा कामाच्या दिवसांत ती परत मिळायला हवी. उन्हाळाभर हप्ते भरून सप्टेंबरात बदललं तर ही शिल्लक मोठी असते. त्याच वेळी नवी कंपनी पहिला हप्ता घेते, त्यामुळे एखाद-दोन महिने हातात थोडे पैसे ठेवा. ठरलेल्या मुदतीत बिल किंवा शिल्लक आली नाही तर कंपनीने भरपाई द्यायची असते. ती मागून घ्या.

तक्रार आधी कंपनीकडे, लेखी. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा कंपनीने त्याआधीच 'आमचं अंतिम उत्तर' म्हणून पत्र दिलं, तर एनर्जी ओम्बुड्समन या स्वतंत्र तक्रार-निवारकाकडे जाता येतं आणि ग्राहकाला त्याचा खर्च नाही. अर्जासोबत शेवटचं बिल, तक्रारीच्या तारखा आणि बदलाच्या दिवशीचे मीटरचे फोटो जोडा.